वंगण

पूर्वी बैलगाडीला एक नळकांडे टांगलेले असे. त्यात तेलात भिजवलेले तागाचे चोथे असत. लांबच्या वाटेला लागण्यापूर्वी गाडीवान चाकाची खीळ काढी, चाक थोडे बाहेर ओढी, आसाला वंगण लावी आणि चाक पुन्हा जागच्या जागी बसवी. हे काम पाहायला कोणी थांबत नसे. बैलांच्या गळ्यातील घुंगरांचे आणि अंगावरच्या झुलींचे कौतुक होई. तेलाने काळ्या पडलेल्या त्या चोथ्याचे कौतुक कोणी केल्याचे ऐकिवात नाही. तरीही गाडी चाले ती त्याच्याच जोरावर. वंगण संपले की चाक कुरकुरू लागे, आणि ती कुरकुर गाडीवानाच्या कानी पडण्यापूर्वीच बैलांच्या खांद्यांना वाढलेला भार जाणवू लागलेला असे.

आज त्या वाटांवरून मोटारी धावतात. लाकडी तुंब्याच्या जागी पोलादी हब आला, तेलाच्या चोथ्याच्या जागी ग्रीस आले. मूळ प्रश्न मात्र बदललेला नाही. आस स्थिर राहतो आणि चाक फिरते. फिरणारे आणि न फिरणारे जिथे एकमेकांना भेटतात तिथे घर्षण होते. घर्षणातून उष्णता निर्माण होते आणि धातू झिजतो. या भेटीच्या जागी दोघांच्या मध्ये राहून जो भाग गाडीचा भार पेलतो, त्याला गॅरेजमधली मुले ‘बेरिंग’ म्हणतात. मराठी विश्वकोशाने त्यासाठी ‘धारवा’ हा शब्द वापरला आहे. धारण करतो तो धारवा. हा शब्द बोलण्यात फारसा रुळला नाही. पण त्या भागाचे काम त्याने नेमके सांगितले आहे.

ज्या वाई गावात विश्वकोशाचे कार्यालय आहे, त्याच गावात, कृष्णेच्या घाटापासून थोड्या अंतरावर, एका घराच्या अंगणात एक जुनी जीप उभी असते. ही गाडी १९८० च्या दशकातली. तिचा रंग दोनदा बदलला आहे आणि कापडी टप कितीदा शिवला याची गणती नाही. गाडीचे मालक एस.टी.चे निवृत्त चालक. घरातले आणि गल्लीतले सारेच त्यांना आबा म्हणतात. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट त्यांनी नोकरीच्या काळात असंख्य वेळा पार केला. कोणत्या वळणावर इंजिन कोणत्या सुरात बोलेल, हे त्यांना पाठ झाले होते. नव्या चालकांना ते एकच गोष्ट सांगत, “गाडी डोळ्यांनी चालवायची आणि कानांनी सांभाळायची.” वर्षानुवर्षे त्यांनी स्वतः तेच केले. गाडीच्या शेकडो आवाजांतून एखादा वेगळा आवाज उमटला की तो त्यांना सर्वांआधी कळत असे.

अलीकडे जीप चालवते ती त्यांची नात. पाचगणीच्या बाजूला स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत कामाला जाणाऱ्या बायकांना ती सकाळी घेऊन जाते आणि संध्याकाळी परत आणते. त्या बायकांत तिची आईही असते. एका हिवाळ्यात, घाट उतरून घरी आल्यावर, तिने गाडीची किल्ली खुंटीला अडकवता अडकवता सांगितले, “आबा, पुढच्या डाव्या चाकातनं घूं घूं असा आवाज येतोय.”

“रस्ता खडबडीत असेल,” आबा म्हणाले.

“चांगल्या डांबरावरही येतोय. गिअर काढला तरी येतोय. उजवीकडं वळवलं की वाढतो, डावीकडं वळवलं की कमी होतो.”

नातीने केलेले हे निरीक्षण अचूक होते. गिअर काढल्यावरही आवाज राहिला, याचा अर्थ तो इंजिनाचा नव्हता. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकावर येतो. डावीकडे वळते तेव्हा तो उजव्या चाकावर जातो. ज्या बाजूचे बेरिंग दुखावलेले असते, तिच्यावर भार आला की ते मोठ्याने तक्रार करते. आबांना हे सारे ठाऊक होते. तरीही त्यांनी मान हलवली, किल्ली घेतली आणि मेणवलीच्या रस्त्याने गाडी फिरवून आणली. परत आल्यावर ते एवढेच म्हणाले, “काही नाही. सवयीचा आवाज आहे.”

दुसऱ्या दिवशी नात त्यांच्या शेजारी बसली. गाडीने वेग घेतल्यावर तिने बोट वर केले, “आता ऐका.” आबांनी कान दिला. त्यांना इंजिन ऐकू येत होते, वाऱ्यावर फडफडणारा टप ऐकू येत होता. आणखी काही नाही. “आत्ता बघा, वळणावर वाढला,” नात म्हणाली. आबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. काही वेळ ते तसेच बसून राहिले. मग खाली उतरले, पुढच्या उजव्या चाकापाशी गेले आणि हबला हात लावला. तो कोमट होता. वळसा घालून डाव्या चाकापाशी आले, हात टेकवला आणि चटका बसताच मागे घेतला.

त्या क्षणी त्यांना दोन गोष्टी एकदमच कळल्या. डाव्या चाकाचे बेरिंग बिघडले होते, ही पहिली. दुसरी अधिक अवघड होती. ज्या कानांच्या भरवशावर त्यांनी आयुष्यभर गाडी सांभाळली, ते कान आता पुरेसे राहिले नव्हते. तो हलका घूंकार दिवसचे दिवस येत असावा; घाटाच्या प्रत्येक वळणावर येत असावा. तो ऐकणारे माणूस गाडीत होते म्हणून बरे. घरी परतताना गाडी नातीने चालवली, अगदी सावकाश. आबा वाटेत काही बोलले नाहीत. अंगणात उतरल्यावर मात्र म्हणाले, “उद्या पहाटे चाक खोलायचं. तू खोलायचंस. मी सांगतो.” मळ्यातल्या बायकांना दोन दिवस एस.टी.ने जाण्याचा निरोप धाडण्यात आला.

सकाळी अंगणात जुने गोणपाट अंथरले गेले. मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावली गेली. म्हणजे लाकडी पाचरी ठोकल्या गेल्या. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट सैल करायचे, हा पहिला नियम. उचललेल्या गाडीवर पान्याला जोर लावला तर गाडी घसरू शकते. नातीने पाना नेहमीप्रमाणे डावीकडे ओढला. नट हलेना. आबा हसले. या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे होते. चाकाच्या फिरण्याने ते आपोआप सैल होऊ नयेत, म्हणून जुन्या काळी केलेली ती योजना होती. ज्याला हे ठाऊक नसते तो नट सोडवतो असे समजून आवळत राहतो आणि शेवटी बोल्ट तोडतो.

गाडी जॅकने उचलली गेली आणि आसाखाली लोखंडी घोडी सरकवण्यात आली. “जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही,” आबा म्हणाले. “नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.” मग त्यांनी नातीला चाक वर आणि खाली अशा दोन ठिकाणी धरून हलवायला लावले. चाक किंचित डोलले. पण डोलणाऱ्या चाकाचा दोष बेरिंगचाच असतो असे नाही. ज्या खुंटावर चाक वळते तो किंगपिनही सैल झालेला असू शकतो. म्हणून आबांनी शेजारच्या मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितले. ब्रेक दाबल्यावर डोलणे थांबले. किंगपिन सैल असता तर ते तसेच राहिले असते. दोष बेरिंगमध्ये आहे, हे आता हातांनीही सांगितले.

टोपी निघाली. आसाच्या टोकाची सर्क्लिप निघाली. सहा बोल्ट काढल्यावर मधली चकती निघाली. तिच्या मागे दोन मोठे नट आणि त्यांच्या मध्ये एक पातळ वॉशर होता. त्याची कड नटावर वळवून बसवलेली होती, नट आपोआप फिरू नये म्हणून. ती कड हळूच सरळ करून नातीने दोन्ही नट काढले. निघालेला प्रत्येक भाग तिने गोणपाटावर निघाला त्याच क्रमाने मांडला. बसवताना उलट दिशेने वाचत यायचे होते. ओळ उलट वाचायची असेल तर ती आधी सरळ लिहिलेली असावी लागते. हब थोडा हलवताच बाहेरचे बेरिंग तिच्या हातात आले. पाठोपाठ ड्रमसह हब निघाला. आतले बेरिंग आणि त्यामागचे रबरी सील हबमध्येच होते. ब्रेकच्या लायनरवर धूळ साचलेली होती. ती फुंकायला नात वाकली, तोच आबांनी तिला अडवले. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांत कायमची बसते. ती ओल्या फडक्याने टिपून काढायची, फुंकायची नाही, झटकायची नाही.

बाहेरच्या बेरिंगमधील ग्रीस काळपट पण जिवंत होते. आतल्या बेरिंगमध्ये मात्र ते ताकासारखे पांढुरके झालेले दिसले. नातीने ते बोटांवर घेऊन आबांसमोर धरले. आबांना विचारावे लागले नाही आणि तिला सांगावेही लागले नाही. ग्रीस असे पांढरे पडते ते पाणी शिरल्यामुळे. मागच्या श्रावणात एका ओढ्यातून जीप काढताना पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले होते, आणि गाडी त्या दिवशी आबाच चालवत होते. चाक पाण्यात बुडाले की ते उघडून जुने ग्रीस काढायचे आणि नवे भरायचे, हा त्यांचाच नियम होता. पाऊस उघडल्यावर करू असे म्हणता म्हणता नवरात्र गेले, दिवाळी गेली.

“चूक माझी,” आबा म्हणाले. “कानाची नाही. आळसाची.”

नात काही बोलली नाही. तिने बेरिंग डिझेलमध्ये बुडवले आणि ब्रशने घासून स्वच्छ करायला घेतले. मग ते फडक्याने टिपून कोरडे केले. काही जण हवेच्या झोताने बेरिंग सुकवतात आणि ते गरागरा फिरवून मजा पाहतात. तसे करू नये. वंगणाशिवाय वेगाने फिरलेले बेरिंग जागीच खराब होते, आणि त्यातला एखादा रूळ सुटून डोळ्यावरही येऊ शकतो. बेरिंग कोरडे झाल्यावर ते सावकाश फिरवून, उजेडात धरून पाहायचे असते. निरोगी रूळ आरशासारखे चकचकीत दिसतात. या बेरिंगच्या तीन रुळांवर गंजाचे ठिपके होते, आणि हबमध्ये बसलेल्या कपावर बोटाचे नख फिरवले असता ते एका ठिकाणी अडत होते. पोलादाचा पृष्ठभाग तिथे टवका निघावा तसा उखडला होता. अशी जखम ग्रीसने भरून येत नाही.

बेरिंगची ही छोटीशी वस्तू तळहातावर घेऊन पाहिली तर माणसाच्या किती पिढ्यांची बुद्धी तिच्यात साठली आहे, याची कल्पना येते. जड ओंडका ओढण्यापेक्षा गोल लाकडांवरून ढकलणे सोपे असते, हे माणसाने फार पूर्वी ओळखले होते. घासण्याच्या जागी लोळणे आणले की घर्षण कमी होते. हेच तत्त्व गाडीच्या आसात आणण्यासाठी वेल्समधील फिलिप व्हॉन याने १७९४ मध्ये एक पेटंट घेतले. त्यात आस आणि चाक यांच्या मध्ये लोखंडी गोळ्या बसवण्याची योजना होती. पुढे अमेरिकेतील सेंट लुईस येथे घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन याच्यापुढे वेगळी अडचण उभी राहिली. सरळ रस्त्यावर चाकावर फक्त वरून भार येतो. वळणावर मात्र तो बाजूनेही येतो. दोन्ही भार एकाच भागाने पेलावेत म्हणून त्याने रूळ एका टोकाला निमुळते केले आणि निमुळत्या कपात बसवले. त्याचे पेटंट १८९८ चे आहे. या जीपच्या हबमधील बेरिंगही त्याच निमुळत्या जातीचे. प्रत्येक पुढच्या चाकात अशी दोन बेरिंग समोरासमोर बसवलेली असतात. एक वळण एकाने सोसायचे, दुसरे वळण दुसऱ्याने. वळणांच्या घाटात वाढलेल्या माणसांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

जुने बेरिंग कागदात गुंडाळून नात साताऱ्याला गेली. बेरिंगच्या कडेवर बारीक अक्षरांत एक क्रमांक कोरलेला असतो. तो वाचता आला की गाडीचे नाव सांगण्याचीही गरज उरत नाही. एकेकाळी अशी बेरिंग परदेशातून येत. स्वातंत्र्यानंतर, १९५० पासून, ती जयपूरला तयार होऊ लागली. पुढच्या दशकात पुण्याजवळ चिंचवडलाही मोठा कारखाना उभा राहिला. दुकानदाराने भिंग लावून क्रमांक वाचला आणि नवी जोडी काढून दिली. जोडी म्हणजे रुळांचे बेरिंग आणि त्याचा कप. नव्या बेरिंगला जुना कप चालत नाही. जुन्याची जखम नव्याला लागते. नातीने रबरी सीलही नवे घेतले. थोडे पैसे वाचवण्यासाठी जुने सील पुन्हा बसवले तर पाणी आणि धूळ त्याच वाटेने पुन्हा आत येतात.

परत आल्यावर जुना कप ठोकून काढण्यात आला आणि नवा बसवण्याची वेळ आली. हे काम नाजूक असते. लोखंडाच्या छिन्नीने ठोकले तर कपाला ओरखडा पडतो, म्हणून पितळेची मऊ कांडी घ्यायची आणि एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, असे समान ठोके देत कप सरळ खाली न्यायचा. तो तिरपा झाला की अडकतो. नात ठोकत होती आणि आबा हबला हात लावून बसले होते. कप तळाशी पोहोचला हे कळण्याची खूण म्हणजे आवाज. तो बसत असतो तोवर ठोक्याचा नाद मोकळा असतो. तळाला टेकला की तो एकाएकी भरीव आणि कणखर होतो. “बदलला,” नात म्हणाली. आबांनी मान हलवली. तोच बदल त्यांना तळहातात जाणवला होता. कानाने सोडलेले काम हाताने उचलले होते.

ग्रीस भरण्यासाठी यंत्र लागत नाही, तळहात पुरतो. चाकांच्या बेरिंगसाठी उष्णता सोसणारे ग्रीस वेगळे मिळते. ब्रेक तापले की हबही तापतो, आणि त्या उष्णतेत साधे ग्रीस पातळ होऊन वाहते. नवे ग्रीस जुन्यात मिसळायचे नाही. दोन जातींची ग्रीस एकत्र आली की पुष्कळदा दोन्हींचा गुण जातो. नातीने डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला, उजव्या हातात बेरिंग धरले आणि त्याची रुंद कड तळहाताच्या काठावर दाबत ओढली. पुन्हा दाबली, पुन्हा ओढली. रुळांच्या फटींतून दुसऱ्या बाजूला ग्रीसचे छोटे कोंब दिसू लागले. मग बेरिंग थोडे फिरवून पुढचे रूळ. हे काम घाईने होत नाही. वरवर चोपडलेले ग्रीस दिसायला पुष्कळ दिसते. पण रुळांच्या पोटात कोरडेपणा राहिला तर बेरिंग काही दिवसांत पुन्हा बोलू लागते.

हबच्या पोकळीत मात्र नातीने ग्रीस ठासून भरायला सुरुवात केली, तेव्हा आबा म्हणाले, “एवढं नको, बाळ. पुरणपोळीवर तूप घालतेस का काय?” जादा ग्रीस आतल्या आत घुसळले जाते, तापते आणि सीलमधून बाहेर येऊन ब्रेकच्या लायनरवर पसरते. मग चाक सुरेख फिरते, पण थांबत नाही. घाटात न थांबणारे चाक न फिरणाऱ्या चाकापेक्षा वाईट.

शेवटचे काम सर्वांत अवघड होते आणि त्याला जोर मुळीच लागत नव्हता. दोन्ही बेरिंग बसली, हब चढला, आतला नट लागला. तो नट किती आवळायचा? सैल राहिला तर चाक डोलेल, रूळ आपटतील आणि बेरिंग फुटेल. फार आवळला तर रूळ दबतील, वंगण पिळून निघेल आणि बेरिंग जळेल. नव्याने शिकणारा माणूस बहुधा दुसरी चूक करतो. घट्ट म्हणजे पक्के, असे त्याला वाटते. नातीनेही पाना जोराने ओढला. चाक जड झाले. “आता ते जड झालं ना? चाक फिरवत राहा, म्हणजे रूळ आपापल्या जागी बसतील,” आबा म्हणाले. “आता नट मागं घे. एका फेऱ्याचा सहावा हिस्सा.” नातीने नट तेवढाच उलटा फिरवला आणि चाकाला हलका धक्का दिला. ते आवाज न करता फिरू लागले. वर-खाली धरून हलवले तर हाताला डोलणे जाणवत नव्हते. आत मोकळीक होती ती मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी. डोळ्यांना न दिसणारी. त्या न दिसणाऱ्या मोकळिकीवरच बेरिंगचे आयुष्य ठरणार होते. मग वॉशर, त्यावर दुसरा नट, पुन्हा एकदा चाक हलवून खात्री, आणि शेवटी वॉशरची कड वळवून नट बंदिस्त.

आबांच्या शेजारी राहणाऱ्या एका गृहस्थांकडे नवी मोटार आहे. हे सारे पाहून त्यांनीही आपल्या गाडीची चाके घरी उघडून घ्यावीत का, असे विचारले. आबांनी त्यांना तसे न करण्याचा सल्ला दिला. आजच्या बहुतेक मोटारींत बेरिंग कारखान्यातच ग्रीस भरून कायमचे बंद केलेले असते. ते उघडायचे नसते, बिघडले तर संपूर्ण बदलायचे असते, आणि अनेक गाड्यांत ते बसवायला दाबयंत्र लागते. त्यालाच ब्रेकच्या संवेदकाचे कडेही जोडलेले असू शकते; हातोडीच्या एका ठोक्याने ते निकामी होते. मग अशा गाडीच्या मालकाने घरी काय करावे? त्यानेही ऐकावे, चाक हलवून पाहावे, आवाज आल्यास वेळ न दवडता जाणकाराकडे जावे. उघडणे प्रत्येकाला जमेल असे नाही. लक्ष देणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

लक्ष देण्याचे हे काम वाटते तितके सोपे नसते. इंजिन बंद पडले की गाडी थांबते आणि सारे धावून येतात. बेरिंग असे एकदम रुसून बसत नाही. ते झिजत झिजतही चालत राहते, भार पेलत राहते आणि हलक्या आवाजात सांगत राहते. त्या आवाजाची सवय होणे, हाच खरा धोका. रोज थोडा थोडा वाढणारा आवाज रोज गाडी चालवणाऱ्यालाच ऐकू येईनासा होतो. घराघरांतही असे भार पेलणारे कोणीतरी असतेच. त्यांची कुरकुर आपण सवयीची म्हणून सोडून देतो आणि एके दिवशी चटका बसल्यावर जागे होतो.

काम संपल्यावर आबांनी एक जुनी वही आणली. जीप घेतल्यापासून तिच्यावर केलेल्या प्रत्येक कामाची नोंद तीत होती. तारीख, किलोमीटर आणि काय केले ते. आजची नोंद करण्यासाठी त्यांनी वही नातीपुढे सरकवली. तिने लिहिले : पुढचे डावे चाक, आतले बेरिंग, कप आणि सील नवे, ग्रीस नवे. क्षणभर थांबून तिने खाली आणखी एक ओळ लिहिली : श्रावणात ओढ्यातून गाडी काढली होती, तेव्हा चाक उघडले नव्हते. आबांनी ती ओळ वाचली आणि वही मिटली. खोडायला सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायका पुन्हा जीपमध्ये बसल्या. या खेपेला आबाही पुढे बसले होते. घाटात दर वळणाला ते नातीच्या चेहऱ्याकडे पाहत होते, रस्त्याकडे नव्हे. आवाज आहे की नाही, हे त्यांना आता तिथेच वाचायचे होते. तिचा चेहरा निवांत होता. पाचगणीला पोहोचल्यावर बायका उतरल्या आणि आपापल्या पिशव्या घेऊन मळ्याकडे चालू लागल्या. चाकाकडे त्यांच्यापैकी कोणी पाहिले नाही. पाहण्यासारखे तिथे काही नव्हतेच.

आबा उतरून पुढे येण्याआधीच नात डाव्या चाकापाशी वाकली होती. तिने हबवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. मग ती उठून आबांच्या जवळ आली आणि त्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, “कोमट.”